पूजेतील आघाडा, परसातील आघाडा

श्रावण लागला की आपल्या घराघरांतून ज्या थोड्या वनस्पतींचे स्मरण होऊ लागते, त्यांत दूर्वांच्या जोडीला आघाड्याचे नाव हटकून येते. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ घालावयाची असते. मंगळागौरीच्या पत्रीत आघाडा लागतो, हरितालिकेच्या पूजेत लागतो, आणि भाद्रपद शुद्ध चतुर्थीला श्रीगणेशास वाहावयाच्या एकवीस पत्रींतही त्याला मानाचे स्थान आहे. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीला आघाड्याच्या काडीने दात घासून व्रतस्थ स्त्रियांचा दिवस सुरू होतो. पुढे ज्येष्ठागौरींच्या आगमनाला आघाडा, केना आणि दूर्वा हव्यात; आणि आश्विनात नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी अंगावरून ओवाळून टाकावयास पुन्हा आघाड्याचीच फांदी लागते. होमहवन करणाऱ्या घरांना हेही ठाऊक असते की, नवग्रहांच्या समिधांमध्ये बुधाची समिधा आघाड्याची.

इतका मान असलेली ही वनस्पती एरवी मात्र कोणाच्या खिजगणतीत नसते. कुंपणाच्या कडेला, पडक्या भिंतीपाशी, विहिरीच्या थारोळ्याजवळ, उकिरड्यावरसुद्धा ती उगवते. वाटेने जाताना तिचे काटेरी बी धोतराला आणि लुगड्याला चिकटते, तेव्हा तिची आठवण होते ती त्रासाने. बागेचा शौक असणारे लोक तिला तण म्हणून उपटून फेकतात. आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच घरातील माणसे बाजारात जाऊन पत्रीची जुडी विकत आणतात. त्या जुडीत आघाडा असतो किंवा नसतो, हे ओळखणारे डोळे पुष्कळ घरांत आता उरलेले नाहीत.

आघाड्याला पूजेत स्थान मिळाले त्यामागे केवळ रूढी नाही. ही वनस्पती एके काळी घराचे औषध होती, अडीअडचणीचे अन्नही होती. वर्षातून सहा-सात वेळा ती हाती घ्यावी लागे, म्हणून घरातल्या लेकीसुनांना आणि मुलाबाळांना तिची ओळख न शिकवता होत असे. व्रतवैकल्यांनी जपलेली ही ओळखच आज तुटू पाहत आहे.

आघाडा ओळखावा कसा?

पावसाळ्यात उगवणारे हे सरळ वाढणारे रोप साधारणपणे कमरेइतके उंच होते. खोडावर उभ्या रेघा असतात आणि पेऱ्याशी ते किंचित फुगलेले असते. पाने समोरासमोर जोडीने येतात. ती लंबगोल, टोकाशी निमुळती आणि बोट फिरवले असता मऊ लव जाणवेल अशी असतात. पावसाचा जोर ओसरू लागला की शेंड्यातून एक लांब, सडपातळ तुरा निघतो. त्यावरची बारीक हिरवट-पांढरी फुले आरंभी आडवी असतात, आणि पुढे फळे धरू लागली की ती खाली वळून दांड्याला चिकटतात. तुरा वरून खाली हाताने कुरवाळला तर फारसा टोचत नाही. खालून वर नेला की काटे बोचतात. आघाडा ओळखण्याची ही सोपी खूण लहान मुलासही दाखविता येते.

काही रोपांचे खोड व पाने हिरवी असतात, तर काहींवर तांबूस झाक असते. म्हणूनच वैद्यकग्रंथांत पांढरा आणि तांबडा असे आघाड्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. वनस्पतिशास्त्रात याला ‘अकिरँथिस अ‍ॅस्पेरा’ असे नाव असून तो माठ, तांदुळजा आणि राजगिरा यांच्याच कुळातला आहे. उपवासाला आपण ज्या राजगिऱ्याचे लाडू खातो, त्याचा हा रानातला भाऊबंद होय, हे ध्यानात घेतले म्हणजे आघाड्याच्या पानांची भाजी आणि बियांची खीर ही कल्पना विचित्र वाटणार नाही.

‘अपामार्ग’ या नावामागे

संस्कृतात आघाड्याला अपामार्ग म्हणतात. पुसून टाकणे, धुऊन काढणे या अर्थाच्या ‘मृज्’ धातूला ‘अप’ हा उपसर्ग लागून हे नाव झाले. दोष पुसून टाकतो तो अपामार्ग. खरखरीत तुऱ्यामुळे खरमंजरी, फुले उलट वळतात म्हणून प्रत्यक्पुष्पी, शिखराप्रमाणे तुरा वर येतो म्हणून शिखरी, अशी त्याची आणखीही नावे आहेत. रोप नीट न्याहाळल्यावाचून अशी नावे सुचत नाहीत.

अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातील सतरा, अठरा आणि एकोणीस ही लागोपाठची तीन सूक्ते या वनस्पतीला उद्देशून आहेत. त्यांत वाईट कृत्यांपासून, शापांपासून आणि शत्रूंपासून रक्षण करण्याची प्रार्थना आहे. परंतु त्यांतील एका ऋचेचा आशय गृहस्थाश्रमी माणसाने विशेष मनन करण्याजोगा आहे. भुकेने येणारे मरण, तहानेने येणारे मरण, गोधनाचा अभाव आणि संततीचा अभाव या सर्वांना आम्ही तुझ्या योगे पुसून टाकतो, असे तेथे अपामार्गाला म्हटले आहे. घरात अन्न असावे, पाणी असावे, दुभते असावे आणि लेकरे असावीत, यापलीकडे संसारी माणसाचे मागणे ते काय असणार! श्रावणात लेकुरवाळी माता मुलांच्या आयुष्यासाठी जिवतीला आघाड्याची माळ घालते, तेव्हा नकळत तीही तेच मागणे मागत असते.

यज्ञविधीतही आघाड्याला स्थान होते. राजसूय यज्ञात अपामार्गाच्या ‘तंडुलां’चा, म्हणजे सोललेल्या दाण्यांचा होम सांगितलेला असून शतपथ ब्राह्मणात त्याचे विवेचन आहे. दुष्ट शक्तींना पुसून दूर करणे हाच तेथेही हेतू आहे. नरकचतुर्दशीला स्नानाच्या मध्ये आघाड्याची फांदी फिरविताना जो मंत्र म्हणतात, त्यात पाप हरण करण्याची विनंती अपामार्गालाच केलेली असते. वैदिक यज्ञमंडपातील ही वनस्पती अशा रीतीने आपल्या न्हाणीघरापर्यंत येऊन पोचली आहे.

सणांची ओळ आणि रोपाची वाढ

आघाड्याचे सण एका ओळीत मांडून पाहिले असता एक मौजेची गोष्ट दिसते. श्रावणात रोप कोवळे असते; त्या वेळी माळेसाठी आणि पत्रीसाठी त्याची पाने लागतात. भाद्रपदात खोड बळकट होते आणि ऋषिपंचमीला लागते ती काडी. आश्विनाच्या अखेरीस तुरे भरतात आणि दिवाळीला तुऱ्यासकट अख्खी फांदी ओवाळली जाते. पान, काडी आणि तुरा या क्रमाने ही वनस्पती घरात येत राहते. पाल्याचा उपयोग भाजीसाठी, काडीचा दातांसाठी आणि पूर्ण वाढलेल्या झाडाचा क्षारासाठी, हा औषधी व व्यावहारिक क्रमही जवळजवळ असाच आहे. सणांची योजना करणाऱ्यांनी हे मुद्दाम केले असेल वा नसेल. परंतु चार महिने या रोपावर नजर ठेवणाऱ्या घराला त्याची सारी स्थित्यंतरे आपोआप कळत, एवढे निश्चित.

ऋषिपंचमीच्या आचाराकडे या दृष्टीने पाहावे. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य असते. नांगरल्यावाचून जे उगवते, परसात हाताने लावलेले जे वाढते, त्यावरच तो दिवस काढावयाचा असतो. अळू, सुरण, भेंडी, लाल माठ, भोपळा, अंबाडी यांची मिळून ऋषीची भाजी शिजते. काही घरांत आघाड्याच्या एकशे आठ काड्यांनी दात घासण्याचा दंडक आहे, काही घरांत एक काडी पुरते. प्रथा निरनिराळ्या असल्या तरी त्या दिवशी आघाडा शोधावा लागतो, हे सर्वत्र सारखेच. शेतीवाचून जगणाऱ्या ऋषींचे स्मरण करण्याच्या दिवशी न पेरता उगवणारे रोप शोधावयास आपल्याला परसात पाठविले जाते, ही योजना मोठी अर्थपूर्ण आहे.

ताटातील आघाडा

आषाढाच्या अखेरीस आणि श्रावणाच्या आरंभी, तुरा निघण्यापूर्वी, आघाड्याच्या शेंड्याची कोवळी पाने भाजीस योग्य असतात. कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतून रानभाज्यांच्या गणतीत आघाडा आजही आहे. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्राच्या कृषी विभागातर्फे जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरू लागल्यापासून शहरातल्या लोकांचेही लक्ष अशा भाज्यांकडे वळले आहे.

चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांना चालेल अशी या भाजीची कृती सोपी आहे. कोवळी पाने देठ काढून तीन-चार पाण्यांत स्वच्छ धुवावीत. उकळत्या पाण्यात ती दोन-तीन मिनिटे ठेवून पाणी निथळून टाकावे. त्यायोगे पानांचा उग्रपणा आणि लवेचा खरखरीतपणा कमी होतो. मग पाने पिळून बारीक चिरावीत. तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी करून त्यात हिरवी मिरची आणि तासभर भिजविलेली मूठभर मुगाची डाळ घालावी. डाळ अर्धवट शिजली की भाजी घालून वाफ आणावी. मीठ, चिमूटभर गूळ आणि ओले खोबरे घालून उतरवावी. चव किंचित कडवट आणि तुरट असते. ती ज्यांना मानवणार नाही त्यांनी निम्मा तांदुळजा मिसळावा. ज्वारीच्या किंवा तांदळाच्या भाकरीबरोबर ही भाजी रुचकर लागते. काही ठिकाणी तुरीच्या डाळीत घालून पातळ भाजीही करतात.

मात्र ही रोज खाण्याची भाजी नव्हे. ऋतूत एक-दोनदा, थोड्या प्रमाणात खावी, हेच उचित. माठाच्या कुळातील पालेभाज्यांत ऑक्झॅलेट असते. म्हणून ज्यांना मुतखड्याचा विकार आहे त्यांनी ती टाळावी. तुरा निघालेल्या झाडाची जून पाने भाजीस घेऊ नयेत.

आघाड्याच्या बियांची गोष्ट निराळी. काटेरी साल चोळून काढली की आत बारीक दाणे मिळतात. हेच ते तंडुल. ते दुधात शिजवून केलेली खीर खाल्ली असता दीर्घकाळ भूक लागत नाही, अशी ख्याती आहे. अरण्यात राहणारे साधू-तपस्वी या खिरीवर दिवस काढीत, असे परंपरेने सांगतात. चरकसंहितेत यवागूचे, म्हणजे पेजेचे, अठ्ठावीस प्रकार दिले आहेत. त्यांत भूक नाहीशी करणारी म्हणून जी यवागू सांगितली आहे, तिच्या घटकांत अपामार्ग आणि दूध आहे. अथर्ववेदातील भुकेच्या मरणाचा उल्लेख येथे सहज आठवतो.

परंतु वजन उतरविण्यासाठी किंवा उपवास निभावण्यासाठी कोणी ही खीर मनानेच खाऊ लागेल, तर ते हिताचे नाही. जी वस्तू भूक मारते ती पचनावरही परिणाम करते. शास्त्रकारांनी ती विशिष्ट रोग्यासाठी, विशिष्ट अवस्थेत सांगितली आहे. वैद्याच्या देखरेखीवाचून तिच्या वाटेस जाऊ नये.

वैद्यांच्या हातातील आघाडा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायाचे नावच ‘अपामार्गतण्डुलीय’ असे आहे. अध्यायाचा आरंभ ज्या द्रव्याने होतो, त्याचे नाव अध्यायाला देण्याची त्या काळची रीत होती. मस्तकात साठलेला कफ नाकावाटे बाहेर काढणाऱ्या औषधांची यादी तेथे आघाड्याच्या बियांपासून सुरू होते. पुढे पंचविसाव्या अध्यायात कोणत्या कामी कोणते द्रव्य श्रेष्ठ हे सांगताना शिरोविरेचनासाठी प्रत्यक्पुष्पीचे, म्हणजे आघाड्याचेच नाव घेतले आहे. शेकडो वनौषधी जाणणाऱ्या आचार्यांनी परसातल्या एका तणाला असा अग्रमान द्यावा, हे लक्षणीय आहे.

आयुर्वेदाच्या परिभाषेत आघाडा चवीला तिखट व कडू, वीर्याने उष्ण, कफ व वात कमी करणारा, अग्नी प्रदीप्त करणारा आहे. खोकला, दमा, मूळव्याध, कृमी आणि त्वचेचे विकार यांवर त्याचे पाठ सांगितले आहेत. कानात सतत आवाज येणे किंवा ऐकू कमी येणे यांवर अपामार्गक्षार-तैल वापरण्याची परंपरा आहे. दातांसाठी तर त्याची काडी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. चावून कुंचा केलेली आघाड्याची ताजी काडी हिरड्यांना घट्टपणा आणते, असा अनुभव सांगतात. ऋषिपंचमीपुरती का होईना, ही सवय घरात आहे, ही चांगलीच गोष्ट म्हणावयाची.

आघाड्याचे सर्वांत ख्यातनाम औषध म्हणजे त्याचा क्षार. पूर्ण वाढलेले झाड मुळासकट वाळवून जाळतात. राख सहापट पाण्यात कालवून रात्रभर ठेवतात. वरचे पाणी अनेक वेळा वस्त्रगाळ करून ते मंद अग्नीवर आटवितात. तळाशी उरणारा पांढरट चुरा म्हणजे अपामार्गक्षार. त्यात पोटॅशची लवणे मोठ्या प्रमाणात असतात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षार तयार करण्याच्या विधीला एक स्वतंत्र अध्याय दिलेला असून त्यातील क्षारवृक्षांच्या यादीत अपामार्ग आहे. शस्त्राने छेदण्याचे काम क्षाराने करता येते, असे सुश्रुताचार्यांचे मत होते.

हे मत केवळ पोथीत राहिले नाही. भगंदर हा अत्यंत चिवट विकार. शस्त्रक्रिया करूनही तो पुन्हा उद्भवतो. यावर प्राचीन ग्रंथांत क्षारसूत्राचा उपाय सांगितला आहे. विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात काशी हिंदू विश्वविद्यालयात वैद्य पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. मजबूत दोऱ्यावर निवडुंगाच्या चिकाचे अकरा लेप, चीक व अपामार्गक्षाराचे सात आणि चीक व हळदीचे तीन, असे एकवीस लेप देऊन तो तयार करतात. भगंदराच्या मार्गातून हा दोरा ओवून ठेवला की तो हळूहळू व्रण छेदतो आणि भरूनही आणतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत याची शस्त्रक्रियेशी तुलना करून पाहिली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार क्षारसूत्राने व्रण भरावयास सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. परंतु विकार उलटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर शेकडा अकरा होते, ते क्षारसूत्रानंतर शेकडा चारच आढळले. आजही देशातील आयुर्वेद रुग्णालयांतून हा उपचार नित्य होतो. ज्याला आपण उकिरड्यावरचे तण म्हणतो त्याच्या राखेने असंख्य रुग्णांच्या यातना पुसल्या आहेत. अपामार्ग हे नाव येथे अक्षरश: सार्थ झाले.

जेथे थांबावयास हवे

आघाड्याची थोरवी सांगताना त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगणे कर्तव्य आहे. खेड्यापाड्यांतून विंचू चावला असता आघाड्याचे मूळ उगाळून लावण्याची चाल जुनी आहे. लेप लावून वेदना कमी झाल्यासारखी वाटते आणि रोग्याला घरीच ठेवले जाते. कोकणातील तांबड्या विंचवाचे विष हृदयावर घाला घालते; विशेषत: लहान मुलांना त्यापासून प्राणभय असते. रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांवर प्राझोसिन या औषधाचा यशस्वी उपयोग केला आणि त्यांचे निष्कर्ष १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यामुळे विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळच खाली आले. तेव्हा विंचू, सर्प किंवा पिसाळलेले कुत्रे यांच्या दंशावर आघाड्याचा भरवसा धरून एक घटकाही दवडू नये. तडक दवाखाना गाठावा. देवाला वाहिलेल्या वनस्पतीचा त्यात कोणताही अवमान नाही.

गर्भवती स्त्रियांनी आघाड्याचे मूळ, बी वा काढा पोटात घेऊ नये. प्रसूती व गर्भ यांच्याशी संबंधित कामी याच्या मुळाचा वापर पूर्वी सुईणी करीत, यावरूनच त्याचा गर्भाशयावर परिणाम होत असला पाहिजे, हे उघड होते. क्षार हे तर तीव्र द्रव्य आहे. तो घरी करू नये आणि घरच्या घरी घेऊही नये.

आणखी एक धोका आहे आणि तो आजच्या काळातला आहे. पत्रीची जुडी उलगडून पाहिली म्हणजे ध्यानात येईल की, तीत अन्न, औषध आणि विष एकत्र बांधलेले असते. तुळस, माका, हादगा, डाळिंब, बेल ही एका बाजूस. तर धोतरा, कण्हेर आणि रुई ही दुसऱ्या बाजूस. कण्हेरीचे पान हृदयाला घातक आहे. धोतऱ्याने बुद्धिभ्रंश होतो आणि जिवावरही बेतते. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टीला अपाय होतो. पूर्वी घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया एकेक पान हाती घेऊन त्याचे नाव सांगत, आणि हे तोंडात घालावयाचे नाही, हेही त्याच दमात बजावीत. आता नावे कोणाला येत नाहीत, आणि पत्री औषधी असते एवढे मात्र सर्वांनी ऐकलेले असते. हे अर्धवट ज्ञान अज्ञानापेक्षा वाईट. बाजारच्या जुडीतले कोणतेही पान स्वयंपाकघरात नेऊ नये. पूजा झाल्यावर पत्री लहान मुलांच्या व गुराढोरांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशी ठेवावी, आणि निर्माल्य नदीत न टाकता बागेत पुरून त्याचे खत करावे. पत्री हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत, हे सांगावयास नको.

बाजारात विकावयास येणारी पत्री पुष्कळदा घाईने, डोंगर-माळावरून ओरबाडून आणलेली असते. कोणत्याही हिरव्या पाल्याच्या काड्या जुडीत खपून जातात, कारण घेणारा ओळखत नाही. एकवीस पत्री वाहिल्याचे समाधान मिळते, परंतु तीत आघाडा नसतो, शमी नसते, विष्णुक्रांता नसते. भक्तीला त्याने उणेपणा येतो असे कोणी म्हणणार नाही. देव भावाचा भुकेला आहे. मात्र ज्या ओळखीसाठी पूर्वजांनी हा उपक्रम घालून दिला असावा, ती ओळख त्यात उरत नाही.

परसात एक कोपरा

यावर उपाय अवघड नाही. ज्यांना अंगण आहे त्यांनी कुंपणाच्या कडेला हातभर जागा आघाड्यासाठी सोडावी. ज्यांचे घर दोन खोल्यांचे आहे त्यांनी जुन्या डब्यात किंवा कुंडीत एक रोप वाढवावे. मार्गशीर्ष-पौषात वाळलेले तुरे आणून कागदी पुडीत ठेवावेत, आणि पावसाच्या तोंडाशी मातीत विखरून वर बोटभर माती पसरावी. याहून अधिक निगा त्याला लागत नाही. दिवाळी झाली की तुरे कापून घ्यावेत, म्हणजे बी साऱ्या बागेत पसरत नाही आणि शेजाऱ्यांची तक्रारही येत नाही.

रस्त्याच्या कडेचा, गटाराजवळचा किंवा तणनाशक फवारलेल्या जागेवरचा आघाडा पूजेस घेतला तरी भाजीस वा दातास कदापि घेऊ नये. वसाहतींच्या बागांतून आता फवारणी सर्रास होते. माळ्याला विचारल्याशिवाय पान तोडू नये. पत्री खुडताना झाड मुळासकट उपटू नये; शेंडा खुडावा आणि काही झाडे बी धरण्यासाठी राखावीत. झाडापासून पान घेताना त्याची प्रार्थना करावी, असे आपल्याकडे सांगितले आहे. त्यातून हाताला आपोआप संयम येतो.

यंदा हरितालिकेच्या आदल्या दिवशी मुलांना बरोबर घेऊन जवळच्या माळावर किंवा परसात जावे. दूर्वा, आघाडा, माका, केना, तुळस एवढी पाच रोपे जरी त्यांनी ओळखली तरी पुष्कळ झाले. आघाड्याचा तुरा खालून वर कुरवाळून त्यांना बोचू द्यावा; ती खूण ती जन्मात विसरणार नाहीत. कोणते पान खावयाचे, कोणते केवळ वाहावयाचे आणि कोणत्याला हात लावून हात धुवावयाचे, हे त्याच वेळी सांगावे. घरात आजी असेल तर तिला सोबत न्यावे, कारण या विषयात तिच्याइतकी अधिकारी व्यक्ती दुसरी नाही. तिला जी नावे येतात ती एका वहीत लिहून ठेवावीत. पुढच्या वर्षी ती वही उपयोगी पडेल.

श्रीगजाननाला रत्नजडित अलंकार चालतात, तसेच परसातले गवतही चालते. दूर्वा आणि आघाडा ही दोन्ही त्याने आपलीशी केली, ती कोणाच्याही दारात, पैशावाचून मिळतात म्हणून. गरिबातल्या गरीब घराची पूजाही अपुरी राहू नये, अशीच जणू त्याची इच्छा. ती दारात मिळावीत आणि मिळाल्यावर आपल्याला ओळखता यावीत, एवढे मात्र आपल्या हाती आहे. गणरायाच्या आगमनाच्या या मंगल प्रसंगी सर्व कुटुंबांस शुभेच्छा!